पूर्वेची खिडकी आधी उघड

तुझा मुलगा दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतो. ताप नाही, खोकला नाही, घरून पोटभर खाऊन येतो. तरी पाढे म्हणता म्हणता त्याचे डोळे मिटतात. मी त्याला एका शब्दानेही बोलले नाही. तिसरीतल्या पोराला झोपेवरून रागावून काय मिळणार? बोलायचं ते तुला, म्हणून तुला बोलावलंय. बस. फोन उलटा ठेव आणि ऐक.

रात्री काय करतोस, असं त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "पप्पांनी मोठा लाइट लावला की आम्ही कार्टून बघतो, मग झोप येतच नाही." हा मोठा लाइट कसला ते बघायला मी तुमच्या घरी आले. तू पुण्याला होतास. तुझ्या आईने चहा टाकला आणि हौसेने सगळं घर दाखवलं. जुनं कौलारू पाडून स्लॅबचं बांधलंस ते चांगलं केलंस. गळक्या छपराखाली पातेली मांडण्यात त्या माउलीचं आयुष्य गेलं, तिला कोरडं घर मिळालं याचा मला आनंद आहे. पण आत पाऊल टाकलं आणि भर दुपारी मला चाचपडावं लागलं. पावसाची झड आत येते म्हणून पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवलीस. पूर्वेच्या खिडकीसमोर जमिनीपासून छतापर्यंत टीव्हीचं युनिट ठोकलंस. उत्तरेला शेजाऱ्याची भिंत. आणि या काळोख्या खोलीत, पीओपीच्या छताला, रंग बदलणारे बारा दिवे. खोक्यावर लिहिलंय, आरोग्यासाठी स्मार्ट प्रकाश. सकाळची पहाट, दुपारचं ऊन, मावळतीची छटा, सगळं फोनच्या एका बटणावर.

पासलीत राहून तू हे विकत आणलंस, याचा मला राग आला. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गाव. मढे घाटाकडे तोंड केलं की समोर मोकळं आभाळ. आपल्याकडे नोकऱ्यांची वाण आहे, पावसाळ्यात विजेची आणि रेंजची वाण आहे. उन्हाची आणि अंधाराची कधी वाण नव्हती. ती तू स्वतःच्या हाताने, कर्ज काढून निर्माण केलीस.

आता मी काही या दिव्यांच्या विरोधात नाही. त्यामागचं विज्ञान खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच तू ते नीट समजून घ्यायला हवं होतंस. सातवीत मी तुम्हाला डोळा शिकवला तेव्हा दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी सांगितल्या होत्या, दंडपेशी आणि शंकुपेशी. तेवढंच पुस्तकात होतं. पण 1998 साली इग्नासियो प्रोव्हेन्सिओ या शास्त्रज्ञाला बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत मेलानॉप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं, पुढे ते माणसाच्या डोळ्यातही आढळलं. 2002 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांनी दाखवून दिलं की दृष्टिपटलातल्या काही पेशी दंड-शंकूंच्या मदतीशिवाय स्वतःच प्रकाश ओळखतात. या तिसऱ्या प्रकारच्या पेशी चित्र बघण्यासाठी नाहीत. त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की बाहेर दिवस आहे की रात्र. या संशोधनात आपल्या ओडिशातून तिकडे गेलेल्या सच्चिदानंद पांडा यांचाही मोठा वाटा आहे.

हे घड्याळ भिंतीवरच्यासारखं तंतोतंत चालत नाही. बहुतेक माणसांत त्याचा फेरा 24 तासांहून थोडा जास्त असतो, म्हणून ते रोज लावून घ्यावं लागतं. ते लावतो सकाळचा उजेड. आणि संध्याकाळी अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलॅटोनिन सोडायला लागते, अंगाला कळतं की रात्र झाली. त्या तिसऱ्या पेशींना सगळ्यात जास्त टोचतो तो निळसर प्रकाश. आता तू एलईडी बघ. पांढरा दिसतो, पण आत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. ज्या जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी शक्य केला त्यांना 2014 चं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. त्या शोधाने रॉकेलच्या चिमणीचा धूर घराघरांतून गेला. तुझी आजी चुलीच्या आणि चिमणीच्या धुरात खोकत गेली हे मी विसरलेले नाही. पण खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेला पांढराशुभ्र दिवा आणि 2700 केल्विनचा पिवळसर दिवा, दोन्ही सारखेच लख्ख दिसले तरी मेंदूतल्या घड्याळाला ते सारखे नसतात. पांढऱ्यात निळा भाग कितीतरी जास्त. हा आकडा प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. तू वॅट बघितलेस, किंमत बघितलीस, केल्विन बघितले नाहीस.

आता मोजमाप ऐक. 2022 साली या विषयातल्या जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून प्रमाण ठरवलं. दिवसा माणसाच्या डोळ्यापाशी, या पेशींना जाणवणाऱ्या मापात, निदान 250 लक्स उजेड हवा. झोपण्याआधीचे तीन तास तो 10 च्या वर जाऊ नये. झोपेच्या वेळी 1 च्या वर नको. भाताला पाणी लागतं म्हणून कापणीच्या तोंडावर कोणी खाचरात पाणी सोडत नाही, तसंच हे आहे: तोच उजेड सकाळी औषध आणि रात्री अपाय.

हे आकडे तुझ्या घराला लावून बघ. नऊ वॅटचा चांगला एलईडी साधारण 900 ल्यूमेन देतो. दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतींनी आणि फर्निचरने खाऊन, त्यातले टेबलावर पोचतात पन्नासेक लक्स, डोळ्यापाशी त्याहून कमी. दोन-तीन दिवे एकदम लावले तरी शे-दीडशेच्या घरात. म्हणजे दिवसा जे 250 हवेत ते असे दोन-तीन दिवे देऊ शकत नाहीत, आणि रात्री 10 च्या आत राहायचं तर तेच दिवे त्याच्या कितीतरी पट जास्त आहेत. आणि बाहेर? आषाढातल्या भरून आलेल्या आभाळाखालीसुद्धा अंगणात काही हजार लक्स उजेड असतो. निरभ्र दुपारी 50 हजारांच्या वर, कधी लाखाच्या घरात. उघड्या खिडकीशेजारी बसलं तरी पाचशे-हजार मिळून जातात. तुझ्या जुन्या घराच्या माजघरात कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, आठवतं? त्याखाली बसून तू चौथीच्या स्कॉलरशिपचा अभ्यास केलास. ते तुझ्या वडिलांनी बाजारातून छातीशी धरून आणलं होतं. त्या एका कौलात सकाळ होती, दुपार होती, संध्याकाळ होती, आणि रात्री ते काळं पडत होतं. तू ते जुन्या लाकडांबरोबर देऊन टाकलंस.

मुलांचं तर आणखी जपायला हवं. त्यांच्या बाहुल्या मोठ्या, डोळ्यातलं भिंग स्वच्छ, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत शिरतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, 2018 साली प्रसिद्ध झाला. दहाच मुलं होती, म्हणून त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण निकाल विचार करायला लावणारा आहे. झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात बसवलं तर त्यांचं मेलॅटोनिन जवळजवळ 88 टक्क्यांनी घसरलं. मोठ्या माणसांपैकी हार्वर्डच्या संशोधकांनी 2011 साली शंभराहून अधिक जणांना तपासलं होतं: संध्याकाळी घरातल्यासारख्या साध्या उजेडात, म्हणजे 200 लक्सच्या आत, बसलेल्यांची मेलॅटोनिनची रात्र मंद उजेडातल्यांपेक्षा सुमारे दीड तासाने आखूड झाली. तू तुझ्या पोराला रात्री अकरापर्यंत बारा पांढऱ्या दिव्यांखाली आणि टीव्हीसमोर बसवतोस. सकाळी त्याला उठवून अंधाऱ्या खोलीतच तयार करतोस आणि गाडीवर बसवून शाळेच्या दारात सोडतोस. त्याच्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस कधी उगवला हे कळणार तरी कसं?

यावर तू म्हणशील, बाई, शाळेची वेळ बदला. बदलली की! डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही हे जाहीरपणे सांगितलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. खेड्यातल्या बहुतेक शाळा त्याआधीही उशिराच भरत होत्या. घंटा मागे नेण्याचं काम सरकार करू शकतं. दिवा विझवण्याचं काम तुझं आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. त्या गावात कोणी परग्रहावरून माणसं आणलेली नाहीत. तुझ्या-माझ्यासारखेच लोक आहेत, त्यांनी ठरवलं आणि केलं.

डोळ्यांचं वेगळं सांगते. तुझ्या मुलाला फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून दिसत नाही, त्याला पुढे बसवलंय. डोळे तपासून आण, टाळू नकोस. आणि हेही माहीत करून घे की लांबचं धूसर दिसण्याचा संबंध मुलं उघड्यावर किती वेळ असतात याच्याशी आहे. चीनमध्ये ग्वांगझू शहरात 12 शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग केला, 2015 साली त्याचा निकाल आला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी मैदानावर नेलेल्या मुलांत 30.4 टक्क्यांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, न नेलेल्यांत 39.5 टक्क्यांना. तैवानने तर 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं उघड्यावर ठेवण्याची मोहीमच काढली. तिथे उंच इमारतींतून मुलांना बाहेर काढावं लागतं. तुझ्या मुलाला फक्त दाराची कडी काढून द्यायची आहे. शाळा वाडीपासून चालत जाण्याजोगी आहे, ओढ्यावर पूल आहे, बरोबर चार मुलं असतात. पाऊस असला तर छत्री दे, नाहीतर इरलं दे. गाडीवरून सोडणं आजपासून बंद.

मग हे स्मार्ट दिवे कुणासाठी आहेत? ते ज्यांना लागतात त्यांच्यासाठी फार मोलाचे आहेत, आणि हे मी मनापासून सांगते. अंतराळ स्थानकात राहणाऱ्यांना 24 तासांत 16 वेळा सूर्योदय दिसतो. तिथे 2016 पासून जुन्या ट्यूब काढून असे दिवे बसवायला सुरुवात झाली: कामाला एक उजेड, जागं व्हायला एक, झोपेआधी एक. युरोपाच्या उत्तरेला हिवाळ्यात दिवस चार-सहा तासांचा होतो, माणसं खचतात. तिथे सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा उपचार आहे, डॉक्टर सांगतात तसा करतात. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, जिथे रात्र-दिवस एक होतात, तिथे याचा विचार व्हायलाच हवा. तुझ्या कंपनीत रात्रपाळीला तळघरात काम करणारी पोरं आहेत असं तूच सांगितलंस. त्यांच्यासाठी चार चांगले दिवे माग, भांड साहेबाशी. तिथे तुझं ज्ञान कामाला येईल.

आपल्याकडेही एक काळ आहे जेव्हा त्यांचा उपयोग आहे, तो मी नाकारणार नाही. आषाढ-श्रावणात आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, पडवीला ताडपत्री बांधलेली, घर दिवसभर कोंदट आणि काळं. म्हातारी माणसं अंथरुणाला खिळून राहतात. तेव्हा सकाळच्या वेळी तुझे पांढरे दिवे पूर्ण ताकदीने लाव, आईला त्याखाली बसव. पण तू पुण्यात असतोस तेव्हा तुझं हे यंत्र पासलीत चालतं कसं ते तू एकदा तरी विचारलंस का? तुझ्या आईने मला सांगितलं. वीज जाते, मध्यरात्री कधीतरी परत येते, आणि सगळ्या खोल्यांतले दिवे आपोआप लख्ख पांढरे पेटतात. म्हातारी दचकून उठते. भिंतीवरचं बटण बंद केलं तर दिवे अ‍ॅपचं ऐकत नाहीत. बटण चालू ठेवलं तर अ‍ॅप तुझ्या फोनमध्ये, फोन पुण्यात आणि इथे रेंज नाही. वीज आल्यावर दिव्याने बंदच राहावं अशी सोय अनेक अ‍ॅपमध्ये असते. ती शोधून लावायला तुला वेळ मिळाला नाही. घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला जी वस्तू हाताळता येत नाही ती त्या घरासाठी निवडताना तू कुणाचा विचार केला होतास?

तिचे डोळे सत्तरीचे आहेत. वयाबरोबर भिंग पिवळं पडतं, दिवसा तिला तुझ्यापेक्षा जास्त उजेड लागतो. तांदूळ निवडायला ती दारात येऊन बसते ते गप्पांसाठी नव्हे, आत तिला खडा दिसत नाही. आणि रात्री मोरीकडे जाताना तिला प्रखर दिवा लावावा लागतो, कारण दुसरा नाही. त्यानंतर पहाटेपर्यंत तिचा डोळा लागत नाही. मोरीच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळसर मंद दिवा बसवून घे. भिंतीवरच्या साध्या बटणाचा. वेल्ह्याच्या बाजारात मिळतो. आणि तिला सकाळी अर्धा तास ओट्यावर उन्हात बसू दे. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडलं तरच तयार होतं, कोणत्याही घरगुती एलईडीतून ते मिळत नाही, बंद काचेतून आलेल्या उन्हातूनही नाही.

स्वयंपाकघरातला तो स्वस्तातला दिवाही काढ. तुझ्या बायकोचं डोकं रोज संध्याकाळी दुखतं, ती मला म्हणाली. दिव्यामुळेच दुखतं असं मी म्हणत नाही, तिला डॉक्टरकडे ने. पण फोनचा कॅमेरा त्या दिव्यासमोर धर, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतील. आपल्या विजेवर हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्याला कळत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी होते आणि डोळे शिणतात. पट्टे न दिसणारा दिवा आण.

एक बरी गोष्ट सांगते, म्हणजे सगळंच हातचं गेलं असं समजू नकोस. 2013 साली कोलोरॅडोच्या संशोधकांनी आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. बॅटरी नाही, फोन नाही, रात्री फक्त शेकोटी. तेवढ्यात त्यांच्या शरीरातली रात्र सुमारे दोन तास आधी सुरू व्हायला लागली. बिघडलेलं घड्याळ इतक्या लवकर जागेवर येतं. तुला तंबू ठोकायला नको. या रविवारी टीव्हीचं युनिट दक्षिणेच्या भिंतीवर हलव आणि पूर्वेची खिडकी उघड. पश्चिमेच्या विटा काढून वर पत्र्याचा छज्जा टाक, झड अडेल. दिवेलागणीनंतर घरात 2700 चे दोनच दिवे, तेही कोपऱ्यातले. मुलाचा अभ्यास टेबलावरच्या दिव्याखाली, उजेड वहीवर पडेल आणि डोळ्यात घुसणार नाही असा. नऊला टीव्ही बंद, साडेनऊला अंथरूण. तुझा स्वतःचा फोनही त्याच वेळी दुसऱ्या खोलीत. पुढच्या सोमवारी मी त्याला दुसऱ्या तासाला पाढे म्हणायला उभं करणार आहे आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळेल.

शेवटचं, तुझ्या घराच्या माथ्यावरचा तो हॅलोजन. रात्रभर जळतो. शेजारच्या आजोबांच्या अंथरुणावर त्याचा उजेड पडतो, आणि ते तुला बोलत नाहीत कारण तू पुण्याला मोठ्या नोकरीला आहेस. जूनमध्ये ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे असायचे, त्या बाजूला आता कमी दिसतात. काजवे एकमेकांना उजेडानेच शोधतात, लख्ख दिव्याखाली त्यांना जोडीदार सापडत नाही. पेंचच्या जंगलात, आपल्याच राज्यात, वाघोली आणि सिल्लारीसारख्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. तिथे वाघ आहेत, तरी माणसं झाकलेल्या दिव्यावर राहतात. तुला भीती कशाची आहे? चोराची असेल तर माणूस आला की पेटणारा, खाली तोंड केलेला दिवा लाव. हॅलोजन आज संध्याकाळी उतरव. शिडी शाळेच्या व्हरांड्यात आहे, जाताना घेऊन जा, आणि उद्या सकाळी परत आणून ठेव.